दादाला विचारू?

धाकटी बहीण वारली, त्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात प्राध्यापक तिच्या वर्गासमोर उभा राहिला. दोघं भावंडं एकाच विद्यापीठात, एकाच विषयाची मास्तरकी करणारी. विषय पुंजयांत्रिकी, म्हणजे क्वांटम मेकॅनिक्स. पण शिकवण्यावरून दोघांचं कधी जमलं नाही. तो आल्या आल्या समीकरण लिहायचा आणि घंटा होईपर्यंत फळा भरायचा. ती आधी प्रश्न टाकायची, मुलांना हात वर करायला लावायची आणि मग चक्क गप्प बसायची.

"तुझी मुलं तासभर गप्पा छाटतात," तो म्हणायचा.

"आणि तुझी नुसती शाई संपवतात, दादा."

विभागप्रमुख म्हणाले होते, "उरलेले सहा तास तुमच्या पद्धतीनं उरकून टाका." ते त्याला नको होतं. तिचं एवढंच काम मागे राहिलं होतं, ते तिच्यासारखंच पुरं व्हायला हवं होतं. रडू काही येत नव्हतं. दाढ काढण्याआधी गाल बधिर करतात, तसा तो आतून बधिर होता.

त्यानं तिची वही उघडली आणि तिचा प्रश्न वाचला. कणांची फिरकी, म्हणजे स्पिन, उभ्या दिशेत मोजली; उत्तर 'वर' किंवा 'खाली' एवढंच येतं. 'वर' आले तेवढेच कण निवडले. मग त्यांचीच फिरकी आडव्या दिशेत मोजली. आता पुन्हा उभ्या दिशेत मोजली तर?

"सगळे वर" म्हणणारे हात जास्त होते.

"निम्मे खाली येतात," तो म्हणाला.

पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "मग सर, पहिलं उत्तर गेलं कुठे?"

त्यानं सवयीनं खडू उचलला. दुसऱ्या हातानं वहीचं पान उलटलं. समासात तिचं बारीक अक्षर होतं: 'हे नक्की विचारतील. मलाच अजून पटेल असं सांगता येत नाही. दादाला विचारू? नको. तो फळा भरेल.'

विभागात दोघांच्या खोल्यांमध्ये एकच भिंत होती. नऊ वर्षांत ती हे विचारायला आली नव्हती, आणि त्यात तिचं काही चुकलं नव्हतं.

त्यानं खडू खाली ठेवला.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "गणित येतं. पण उत्तर गेलं कुठे, ते मलाही सांगता येत नाही."

वहीत खाली लिहिलं होतं, दोन मिनिटं गप्प बसायचं. तो बसला. मागच्या बाकावर कुजबुज सुरू झाली, मग सगळा वर्ग हुज्जत घालू लागला. त्यानं कुणाला अडवलं नाही. तिच्या ओळीखाली पेन्सिलीनं लिहिलं, 'विचारायचं होतंस गं. नसता भरला.'

मग त्यानं ते खोडलं. फळा त्यानं भरलाच असता.