अर्धी दाढी

"मान जरा इकडे करा," असं म्हणत तिने नवऱ्याची हनुवटी दोन बोटांनी उचलली आणि वस्तरा पुसून घेतला. उजवा गाल उरकला होता. डावा अजून फेसाखाली होता, आणि खरी परीक्षा तिथेच होती. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्या बाजूची कातडी ओल्या फडक्यासारखी सैल पडली होती. वस्तरा सरकला की तीही सरकायची. काल तिथेच कापलं होतं. तुरटी लावताना त्याने हूं की चूं केलं नाही, तेच तिला जास्त लागलं.

सगळं आयुष्य त्याने लोकांच्या दाढ्या केल्या. कोपऱ्यावरच्या त्याच्या सलूनमध्ये माणसं गप्पा ऐकायला यायची आणि आलोच आहोत तर म्हणून केस कापून जायची. आता सलून दुसऱ्याला चालवायला दिलं होतं, आणि त्या बोलघेवड्या माणसाजवळ एक घोगरा 'आं' तेवढा उरला होता. तो भुकेलाही चालायचा, आनंदालाही. दिवसभर तिची शिवणाची कामं असायची, म्हणून त्याची दाढी दिवेलागणीला.

गल्लीच्या टोकाला गाणं सुरू झालं. नाताळ आला की चर्चचं गायनमंडळ असं घरोघर गात फिरायचं. गेल्या वर्षीपर्यंत तीही त्यात असायची, खालच्या पट्टीतल्या बायकांबरोबर, दुसऱ्या ओळीत. आवाज ओळखून नवऱ्याचे डोळे दाराकडे वळले.

वस्तरा मिटून ती उठली आणि तिने दिवा मालवला.

"पुढे जातील ते," ती अंधारात म्हणाली. "आज नको."

का नको, ते ती कोणाला सांगू शकली नसती. मागच्या महिन्यात चर्चमध्ये मेणबत्ती लावून ती म्हणाली होती, देवा, ह्यांना सोडव. तेव्हा शब्द मोठे मायेचे वाटले होते. घरी येऊन चादर बदलायला घेतली आणि एकदम उमगलं, सुटका मागितली ती त्याची नव्हतीच. त्या दिवसापासून ती चर्चची पायरी चढली नव्हती. बिचारीला घरातून पाय काढता येत नाही, असं लोक म्हणायचे. ती म्हणू द्यायची. आता ही मंडळी आत येणार, आशेची गाणी म्हणणार, मग सगळे डोळे मिटून प्रार्थना करणार. त्यांच्यात तिने कोणत्या तोंडाने डोळे मिटायचे?

फाटक वाजलं. दारावर हलकी टकटक झाली.

"आं," नवरा म्हणाला. मग जोर लावून, "आं..."

तिने त्याच्या तोंडावर हात ठेवला.

तळव्याखाली त्याचे ओठ हलत राहिले, गरम, फेसाने निसरडे. बाहेर कोणीतरी म्हणालं, "झोपली असतील." पावलं वळली, फाटक पुन्हा वाजलं. तेव्हा कुठे तिने हात काढला. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड त्याच्या चेहऱ्यावर पडला होता. तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याने नुसते डोळे मिटून घेतले, एखादं माणूस रडत असताना आपण तिकडे बघत नाही, तसे.

ती तशीच बाहेर धावली. मंडळी दोन घरं पुढे गेली होती. सगळ्यांत मागे मास्तरीणबाई होत्या. त्यांनी गल्लीतल्या दोन पिढ्यांना सूर शिकवला होता, आणि आता गुडघ्यांमुळे त्या नेहमी मागे पडायच्या.

"बाई, घरात दिवा होता," ती धापा टाकत म्हणाली. "मीच मालवला."

"दिसलं की आम्हाला. आम्ही गल्लीत शिरतच होतो."

"त्यांना हाक द्यायची होती. मी त्यांचं तोंड दाबलं."

मग तिच्याकडून उरलेलंही निसटलं.

"बाई, मी देवाकडे त्यांचं मरण मागितलंय."

बाईंनी पुढच्यांना थांबायची खूण केली आणि कुणाच्या तरी कुंपणाला टेकून गुडघ्याला विसावा दिला.

"माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, तेव्हा मीही मागायचे. रोज. नाव घेऊन, पत्त्यासकट. चूक नको व्हायला."

"मग?"

"मग काय, ब्याण्णव वर्षं जगल्या. आणि मी रोज मागून झालं की उठून त्यांची वेणी घालायचे." बाई तिच्याकडे बघत होत्या. "आपण काय बोलतो ते देवाला ऐकू येतं गं. पण हातांनी काय करतो तेही दिसत असेल ना? तेवढ्यावर माझा विश्वास टिकलाय. फार मोठा नाही, पण पुरतो."

तिने हाताकडे पाहिलं. तळव्यावर फेस वाळत आला होता.

"अजून मागते," ती हळूच म्हणाली. "कधी कधी."

"मागशील. चल, थंडी वाजतेय मला."

मंडळी परत फिरली. दिवा लागला, आणि खाटेवरचा तो माणूस सगळ्यांसमोर आला: एक गाल तुळतुळीत, दुसऱ्यावर विरत चाललेला फेस.

"गिऱ्हाईक अर्ध्या दाढीत सोडून कारागीर पळतो, हे मी पहिल्यांदाच बघतेय," मास्तरीणबाई म्हणाल्या.

नवऱ्याच्या तोंडाचा एकच कोपरा वर गेला. मग हसणं खोलीभर पसरलं.

"तू उरकून घे," बाई तिला म्हणाल्या. "आम्ही हळू गातो."

तिने पाणी गरम करून आणलं, ब्रशने पुन्हा फेस केला. मागे गाणं सुरू झालं, पहिलं कडवं, मग दुसरं. तिने वस्तरा गालाशी नेला आणि तसाच धरून ठेवला. मघाशी ज्या हाताने त्याचं तोंड दाबलं, तोच हा हात होता.

नवऱ्याने डोळे वर करून तिच्याकडे पाहिलं. मग त्याचा चांगला हात चादरीतून बाहेर आला, सावकाश छातीवरून वर सरकला, आणि दोन बोटांनी त्याने आपला सैल गाल कानाकडे ओढून ताणून धरला. गिऱ्हाइकाचा धरावा तसा, अगदी हलक्या हाताने.

"आं," तो म्हणाला.

तिने वस्तरा टेकवला. तिसऱ्या कडव्याला खालच्या पट्टीत एक आवाज कमी पडत होता. गालावरची नजर न हलवता, ओठांतल्या ओठांत, तिने तो धरला.