लंडनच्या न्हाणीवाल्याची साखर

हरिभाऊ गेले आणि जाताना घरातलं बोलणंही सोबत घेऊन गेले. दुर्ग लाइनवर गार्ड होते. गाडी हलली तरी प्लॅटफॉर्मवरच्या माणसाशी त्यांच्या गप्पा सुरूच असायच्या. ते गेल्यावर मुलगा देवीदास भिलाईच्या कारखान्यात लागला, कारखान्याच्या वसाहतीत क्वार्टर मिळालं, आणि त्याची आई राधाबाई दुर्ग सोडून तिथे राहायला आल्या. सगळं रीतसर झालं. फक्त पोरगा 'हो' आणि 'नाही' एवढ्यावर आला. राधाबाई मुद्दाम वरणात मीठ घालायच्या नाहीत, निदान भांडेल तरी. तो अळणी वरण मुकाट जेवून उठायचा.

मग घरात रेडिओ आला. सिलोनवर इंग्रजी गाणी लागायची. विलायतेतली नवी पोरं, गिटारी खणखणवत गाणारी. कारखान्यातल्या रशियन इंजिनियरांच्या ऑफिसात काम करणारा शामसुंदर, देवीदासचा एकुलता एक दोस्त, एकदा मासिकातला त्यांच्यातल्या एका चौकडीचा फोटो घेऊन आला. चौघांचेही केस थेट भुवयांपर्यंत.

"याइले न्हावी भेटून नाही राहिला का?" राधाबाई म्हणाल्या.

देवीदास हसला. बाप गेल्यानंतर पहिल्यांदा. त्या दिवसापासून त्या पोरांविरुद्ध राधाबाईंनी एक शब्द काढला नाही.

पुढे कळलं की देवीदास नुसता ऐकत नाही, गातोसुद्धा. शामसुंदरची गिटार, एका मल्याळी पोराचा ड्रम, एका बंगाल्याची दुसरी गिटार, असा ताफा जमला. कारखान्याच्या क्लबच्या वार्षिक कार्यक्रमात गायचं तर आधी टेप द्यायची, कमिटी ऐकून ठरवणार.

"या खेपेले नाही झालं, काकू, तर बाकीचे दुसरा गाणारा पाहतीन," शामसुंदरने दारात हळूच सांगून टाकलं.

कमिटीने इंग्रजी गाणं घेतलं काय नि न घेतलं काय, राधाबाईंना त्याचं सुखदुःख नव्हतं. पण गाणं गेलं की पोरगा परत 'हो-नाही'त जाऊन बसणार, हे त्यांना उभ्या उभ्या कळलं.

शामसुंदरने साहेबाकडून टेपरेकॉर्डर मागून घेतला. रविवारी संध्याकाळी परत द्यायचा. "आन काकू, तुमची न्हाणी लागन."

"न्हाणी? गाणं म्हणायले?"

"लंडनले तसंच करते. रेडिओवर सांगतलं. एक रेकॉर्डवाला हाय, राहत्या घरीच रेकॉर्ड करते. गाणाऱ्याले न्हाणीत उभं करते."

लंडनला घरं लहान असतील, असं राधाबाईंनी मनाशी ठरवलं. पण आपल्या घरी आलेल्या माणसाला ओल्या फरशीवर उभं करायचं म्हणजे हरिभाऊंच्या नावाला बट्टा. रविवारी पहाटेच त्यांनी न्हाणी घासली. खाली दोन गोधड्या अंथरल्या. भिंतीचा चुना पोरांच्या शर्टाला लागू नये म्हणून चारी बाजूंना सतरंज्या टांगल्या. हातपाय धुवायला लागेल म्हणून पिंप, हंडे, बादल्या तिथेच काठोकाठ भरून ठेवल्या. मग समाधानाने पोहे भिजवायला गेल्या.

पोरं जमली, गाणं झालं. टेप फिरवून ऐकली, तर आवाज असा की जसं कोणी उशीखालून गातंय. पुन्हा म्हटलं, पुन्हा तसंच. शामसुंदर मशीनची बटणं पिळत राहिला. बंगाली पोरगा घड्याळ पाहू लागला.

"राहू दे," देवीदासचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत आला. "दुसरा पाहा कोणी."

राधाबाईंच्या हातातली पळी तिथेच राहिली.

मग देवीदास स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. एकदा आईकडे पाहिलं, एकदा पोह्यांकडे.

"त्या सतरंज्या तू लावल्या?"

"हो. कावून?"

आता 'काही नाही' म्हणेल आणि जाईल, राधाबाईंना वाटलं. तो गेला नाही.

"आई, आवाज त्या सतरंज्याच खाऊन राहिल्या. न्हाणी बोडकी पाहिजे. भिंतीवर आदळून आवाज वापस आला पाहिजे, तवा तो तसा घुमते. गोधड्याबी काढा लागन, पाणीबी काढा लागन, पिंपानं अर्धी जागा घेतली. तू चांगल्यासाठीच केलं, मले समजते, पण आमची सकाळ गेली नं त्यात."

एवढं लांब बोलणं, आणि तेही तक्रारीचं. राधाबाईंना बोलणी खातानाच बरं वाटत होतं.

"आधी सांगाचं नं, गाढवा."

"तू इचारलं का?"

"इचारलं होतं. तुह्या दोस्तानं लंडन सांगतलं."

सतरंज्या निघाल्या, गोधड्या निघाल्या. पाण्याने भरलेली भांडी अंगणात येऊ लागली तशी शेजारची बेबीताई भिंतीवरून डोकावली. नळ फक्त सकाळी यायचा.

"राधाकाकू, भरलेलं पाणी फेकून राहिल्या?"

"फेकत नाही, बाई. बादल्या आण, घेऊन जा. आमच्या देवीदासले रिकामी न्हाणी पाहिजे."

बेबीताईने पाणी नेलं आणि मग गंमत पाहायला परत आली. तेवढ्यात न्हाणीच्या झरोक्यातून आवाज बाहेर आला. उंच, मोकळा, आपल्याच मागे धावणारा.

"काय म्हणून राहिला तो?" बेबीताईने विचारलं.

"मले काय माहीत. पण म्हणून राहिला नं."

कमिटीने टेप ऐकली त्या संध्याकाळी देवीदास घरी आला तो बोलतच. कोण्या साहेबाने नाक मुरडलं, कोणी टेप परत लावायला सांगितली, शेवटी कार्यक्रमाच्या यादीत कसं नाव लागलं. जेवायला बसला तरी थांबेना. मधेच म्हणाला, "आई, वरण अळणी हाय."

"आज समजलं का तुले?"

"रोजच असते. मले वाटलं, डॉक्टरनं तुले मीठ बंद सांगतलं असन."

राधाबाईंनी मिठाची बरणी त्याच्यापुढे सरकवली आणि देवाजवळ साखर ठेवायला उठल्या. एक चिमूट देवाला ठेवली. दुसरी घेऊन थांबल्या.

"तो लंडनचा न्हाणीवाला, नाव काय त्याचं?"

"सांगतलं होतं रेडिओवर. ध्यानात नाही. कावून?"

"काही नाही. तू सांग, मंग काय झालं?"

त्यांनी दुसरी चिमूट पहिलीच्या शेजारी ठेवली, बिननावाची. मागे देवीदास बोलतच होता. वळून पाहिलं तर थांबेल, म्हणून त्या तशाच देवाकडे तोंड करून उभ्या राहिल्या.