दोन बोटं वाढीव

लेकीला कुणी पांगळी म्हटलं की चांगुणाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आणि म्हणत होतं कोण, तर तिची सख्खी सासू, बायडाबाई! दीड वर्षाची मनकर्णा पायात बूट चढल्यापासून दोन पावलांत तोंडावर पडायची. पडणारच. बायडाबाईंच्या घरात लेकरांचे बूट सदा वाढत्या अंगाचे. दोऱ्याने पाऊल मापायचं, वर दोन बोटं वाढवायची आणि बुटाच्या टोकात चिंध्या कोंबायच्या. पण बुटाला कोण नावं ठेवतो? बायडाबाईंनी गावभर सांगून टाकलं, की पोरीच्या पायातच जोर नाही. आता तर तिला कडेवरून खाली सोडायचं नाही, असा हुकूम निघाला होता.

त्र्याहत्तरचा उन्हाळा, अनवाणी ठेवायचीही सोय नव्हती. दुष्काळी कामावर खडी फोडून आलेल्या मजुरीतून चांगुणाने नवे बूट घ्यायचं ठरवलं आणि लेकीला घेऊनच खर्ड्याचा बाजार गाठला. सासू मागोमाग होतीच, कनवटीला मापाचा दोरा खोचून.

दुकानदार सहादेवने सासूच्या दोऱ्याला लावून टणक, ऐसपैस बूट पुढे केले. चांगुणाने ते बाजूला सारले.

"ह्ये नगं. मऊ तळाचे दावा. पोरगी घालून चालंल, मगच घेईन."

"वैनी, तळ मळल्यावर कोन घेतंय? अशी रीत न्हाई."

"न्हाई तर आजपासनं हाय."

येणारी-जाणारी माणसं थबकली. बायडाबाईंनी कपाळावर हात मारला. "पांगळ्या पोरीचा तमाशा मांडतीस व्हय गं चार मानसांत?"

चांगुणाने लेकीच्या पायातले ढगळ बूट उपसले, मऊ जोड चढवला, अंगठ्यापुढची जागा चाचपली आणि तिला फरशीवर उभी केली. धरायला मात्र हात पुढे केला नाही.

मनकर्णा डुलली. थांबली. मग आजीच्या लुगड्याकडे तुरुतुरु निघाली, पोचली आणि तशीच माघारी वळली.

सासू पुटपुटली, "दिवाळीपतूर आखूड व्हत्याल की गं!"

चांगुणाचे डोळे भरून आले होते, आवाज मात्र खणखणीत होता. "व्हऊ द्या, आत्याबाई. तवा दुसरे आनीन. माझी लेक आज चालनार."

आणि भर बाजारातून तिने मनकर्णाला चालवतच नेलं.