दोन कुलपं आणि चार चिठ्ठ्या

मी एक जुनी तक्रारपेटी आहे, मित्रांनो. जुनी म्हणजे भंगार नव्हे. माझा पत्रा आजकालच्या पेट्यांसारखा बोटाने दबत नाही. मुलींच्या सुधारगृहात, जेवणघराच्या दाराशी मला भिंतीवर बसवलं. इथल्या पोरींचे हाल होऊ नयेत म्हणून शहरातल्या शिकल्यासवरल्या माणसांची एक देखरेख समिती आहे. पोरींनी माझ्या पोटात चिठ्ठी टाकायची, समितीने ती वाचायची, एवढं साधं काम.

पूर्वी मला दर शनिवारी उघडायचे. माझ्यातल्या एका चिठ्ठीमुळे न्हाणीघराला आतून कडी बसली, हे मी आजही मान वर करून सांगते.

मग कुणीतरी चिठ्ठ्या परस्पर लांबवल्या. समितीने शक्कल लढवली आणि मला दोन कुलपं घातली. एक किल्ली डॉक्टरांकडे, दुसरी वकीलबाईंकडे. एकट्याने उघडायचंच नाही. विचार वाईट नव्हता, पण ही दोघं एका दिवशी येतील तर शपथ. डॉक्टर येतात तेव्हा बाई कोर्टात, बाई येतात तेव्हा डॉक्टरांचं ऑपरेशन. पाच महिने हाच तमाशा. आणि दर वेळी वहीत लिहायचं काय, तर 'तक्रारी आढळल्या नाहीत.' अहो, उघडून पाहिलंत कधी? माझं पोट तुडुंब, आणि वहीत मी उपाशी.

शाळा मी पाहिली नाही, पण पोटातलं मला कळतं. त्यात चौदा वर्षांच्या एका मुलीच्या चार चिठ्ठ्या होत्या. तिची दाढ किडली होती. वॉर्डनबाई म्हणायच्या, "मिठाच्या पाण्याने चूळ भर." पहिली चिठ्ठी तिने ताठ उभं राहून टाकली. चौथी टाकताना ती गाल धरून भिंतीला टेकली होती. मला एवढं मोठं तोंड, पण बोलायची सोय नाही. असा संताप आयुष्यात आला नव्हता.

शेवटी एकदाची दोघं एकत्र आली. सोबत समितीतल्या तिसऱ्या, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. डॉक्टरांनी खिसे चाचपले.

"किल्ली दुसऱ्या कोटात राहिली वाटतं."

"मग पुढच्या महिन्यात बघू," वकीलबाई म्हणाल्या. "नियम मीच लिहिलाय, मीच कसा मोडू?"

"लिहा मग वहीत, आढळल्या नाहीत," मोठ्या बाई म्हणाल्या. "तुमचं अक्षर तरी छान आहे."

तेवढ्यात ती मुलगी भरलेलं ताट तसंच घेऊन बाहेर आली. अर्धा चेहरा सुजलेला. मोठ्या बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय गं, यात काही टाकलंयस?"

तोंड उघडवेना, म्हणून तिने चार बोटं दाखवली.

मोठ्या बाईंनी शिपायाकडून स्क्रू ड्रायव्हर मागवला. "कुलपांना हात लावत नाही. बिजागऱ्यांबद्दल काही लिहिलंय का, वकीलबाई?"

"नाही लिहिलं," वकीलबाई म्हणाल्या, आणि स्क्रू त्यांनीच काढले.

चौथी चिठ्ठी डॉक्टरांच्या हाती आली. 'समितीत एक डॉक्टर आहेत म्हणे. ते आले की मला बोलवाल का?'

डॉक्टर या काळात तीनदा येऊन गेले होते. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग वॉर्डनबाईंना सोबत घेऊन मुलीला आपल्याच गाडीतून दवाखान्यात नेलं.

तेव्हापासून माझं दार जरा तिरकं बसतं. बसू दे. मित्रांनो, उद्या तुम्हीही कुठल्यातरी समितीवर बसाल. मला रंग नको, कौतुक नको, फक्त उघडत जा. आणि किल्ली विसरलातच, तर समोरून जाणाऱ्या पोरीच्या गालाकडे तरी बघा.