हिरव्यातला लाल

बेसा भागातल्या पुष्पलताबाईंच्या वधूवर मंडळात माणसांना रंग होते. कॉम्प्युटर उघडला की मुलींचे फोल्डर लांबूनच ओळखू यायचे. पहिल्या लग्नाच्या हिरव्या, मंगळाच्या पिवळ्या आणि घटस्फोट झालेल्या लाल. मुलगे मात्र झाडून सगळे हिरवे. एक लग्न मोडलेलं असो की दोन, पुरुषाला मेला कुठला डाग लागतो!

तिथे काम करणाऱ्या कामिनीचा स्वतःचा फोल्डरही लालच होता. स्थळं बघायला आलेले लोक तो उघडायचीसुद्धा तसदी घेत नसत.

त्या दिवशी बाईंनी तिला नवा बायोडाटा दिला. दुर्गेशचा. कामिनीच्याच आधीच्या नवऱ्याचा. फोटोत त्याच्या अंगावरचा शर्टही तिनेच घेऊन दिलेला.

"हिरव्यात टाक वं," बाई म्हणाल्या.

"काहून काकू? घटस्फोट दोघांचा झाला, मंग लाल मी एकटीच काहून?"

"पुरुषाची गोष्ट अलग राहते. तू रागानं बोलून राहिली."

राग होताच, आणि तो तिने लपवला नाही. बाईंच्या डोळ्यांदेखत तिने दुर्गेशच्या फोल्डरला लाल रंग दिला. बाई काही बोलणार, तेवढ्यात हुडकेश्वरचे गिरिधरभाऊ आपल्या मुलीला, वैभवीला घेऊन स्थळं बघायला दारात उभे.

खुर्चीत बसता बसता स्क्रीन बघून गिरिधरभाऊ चक्रावले. "मुलगा अन् लाल?"

"चुकून झालं जी," म्हणत बाईंनी माउसकडे हात नेला. कामिनीने माउस सोडला नाही.

"चुकून नाही भाऊ. त्याचं लग्न मोडलं आहे. माझ्याशीच झालं होतं."

गिरिधरभाऊ उठायला लागले. वैभवीने मात्र खुर्ची पुढे ओढली. "काहून मोडलं, ताई?"

"ते त्यालेच विचार. मले आजवर सगळ्यांनी विचारलं, माझ्या मायबापालेही सोडलं नाही. त्याले कोणी एकदा तरी विचारा."

वैभवीने मोबाइल वडिलांपुढे धरला. "बाबा, लावा फोन. माझ्यासमोर विचारा."

पुष्पलताबाईंचा तोल सुटला. "उद्यापासून येऊ नको तू!"

"नाही येत काकू," कामिनी म्हणाली. "पण आजचा दिवस अजून बाकी आहे."

आणि तिने पुढच्या घटस्फोटित मुलाचा हिरवा फोल्डर उघडला.