रोज पाच-चाळीसला

"जे जसं आहे तसंच राहिलं पाहिजे हं," बाबा चौथ्यांदा म्हणाले.

मुलीने फोन कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर धरून सेटिंग्जच्या आणखी एका पानाचा फोटो काढला. "राहील हो बाबा. म्हणून तर फोटो काढतेय ना?"

"इकडची काडी तिकडे नको."

कॉम्प्युटर आईचा. कपड्यांच्या कारखान्यासाठी ती त्यावर भरतकामाची डिझाइनं करायची, आणि त्यांचं नवं सॉफ्टवेअर या जुन्या मदरबोर्डावर चालेना. बोर्डाचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतला मूळ प्रोग्रॅम, नवं घातलं की चालणार होतं. मुलीचं दुरुस्तीचं दुकान होतं, तिला हे रोजचंच. फक्त फर्मवेअर बदललं की आधीच्या सेटिंग्ज पुसल्या जातात, त्या पुन्हा हाताने भराव्या लागतात. आई नमुने पोचवायला कारखान्यात गेली होती. तेवढ्यात काम उरकायचं होतं, आणि बाबा काही केल्या बूड टेकवत नव्हते.

पुढच्या पानावर तिचा हात थांबला. मशीन आपोआप चालू होण्याची वेळ: रोज, पाच-चाळीस.

"बाबा, हे काय?"

बाबांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर बघण्यासारखं काहीच नव्हतं.

नऊ वर्षांपूर्वी आईने हे काम घेतलं तेव्हा बाबांनी घर डोक्यावर घेतलं होतं. या वयात कसली ही थेरं, असं चार पाहुण्यांसमोर बोलले होते. आठवडाभर आई त्यांच्याशी चकार शब्द बोलली नाही. मग एका सकाळी ती सहाला उठून बघते तर मशीन चालू, पडदा उजळलेला. "मीच लावून ठेवलं. पुन्हा पडलो जरा," बाबा पांघरुणातून म्हणाले. तेव्हापासून एक दिवस खाडा नाही. आई हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. जन्मात माफी मागितली नाही या माणसाने, पण रोज माझ्या आधी उठतो.

"म्हणजे तुम्ही कधी उठलाच नाहीत?"

"पहिले चार दिवस उठलो," बाबा म्हणाले. "मग कॉम्प्युटरवाल्या दुकानदाराला विचारलं, तर त्याने हे करून दिलं. अगं, सांगायचं राहून गेलं. आणि नंतर कुठल्या तोंडाने सांगू? तिला कळलं तर त्या चार दिवसांवरचाही विश्वास उडेल तिचा."

मुलीला त्यांचा रागही आला आणि दयाही. मशीन बंद करून तिने कॅबिनेटचे स्क्रू काढले. बोर्डाचा नेमका नंबर बघायचा होता, चुकीची फाइल गेली तर सगळंच मुसळ केरात.

"हे कुणी उघडलं होतं का मध्ये?"

"छे! नऊ वर्षांत कुणाचा हात लागलेला नाही याला."

आत धूळ होती. पण बोर्डावरचा रुपयाएवढा सेल लखलखीत होता आणि शेजारी पत्र्यावर कागदाची पट्टी चिकटवलेली होती. त्यावर ‘नवा सेल’ आणि दोन वर्षांपूर्वीची तारीख. अक्षर आईचं. औषधाच्या बाटलीपासून रिमोटपर्यंत घरातल्या प्रत्येक वस्तूवर आईची अशी पट्टी असायची.

मुलगी त्या पट्टीकडे बघत राहिली. बोर्डावरचा सेल संपला की सेटिंग्ज पुसल्या जातात. पाच-चाळीससुद्धा. दोन वर्षांपूर्वी ती पुसली गेली असणार, आणि नंतर कुणीतरी त्या पानावर जाऊन पुन्हा भरली होती.

"काय गं, काही बिघडलंय का?"

"नाही," ती म्हणाली आणि झाकण बसवलं.

पुढची सात मिनिटं नवं फर्मवेअर किती भरलं ते दाखवणारी रेघ पडद्यावर सरकत होती. मध्येच वीज गेली तर बोर्ड कायमचा जातो, हे ऐकल्यापासून बाबा बटणापाशी पहारा देत उभे होते. वीज गेली नाही. फोटो बघून तिने एकेक सेटिंग भरली, पाच-चाळीस सगळ्यात शेवटी. बाबांनी चष्मा लावून ती दोनदा तपासली, तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला.

आई आली तेव्हा बाबा मोठ्याने म्हणाले, "झालं बरं का तुझं मशीन! सगळं जसंच्या तसं." आणि चहा टाकायला आत गेले.

आईने पिशवी ठेवली. नवं सॉफ्टवेअर उघडून पाहिलं, मान डोलावली. आतून भांड्यांचा आवाज आला तशी ती मुलीकडे वाकली.

"ऐक, तेवढं ते पाच-चाळीसचं सहाला करून ठेव," ती हळूच म्हणाली. "मला साडेसहाला बसलं तरी चालेल आता. वय झालं बाबांचं. रोज इतक्या लवकर कशाला उठवायचं त्यांना?"