चार पर्यायांत न बसलेलं नाक

चार महिन्यांपूर्वी मी वर्गात तोंड उघडं टाकून बसायचे, कारण नाकातून हवा जायचीच नाय. आता शाळेत माईकवर प्रतिज्ञा मी सांगते. मधे काय झालं, तर इंजेक्शन झालं.

पाचवीपासून माझ्या नाकात मांसाचे कोंब वाढत होते. दोनदा ऑपरेशन करून काढले, दोनदा परत आले. मग ठाण्याच्या एका मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "नुसतं कापून काय होणार? हिचं शरीरच आतून सूज आणायचा निरोप धाडतंय. तो निरोपच अडवू." त्यांच्या एका योजनेत माझं नाव लागलं आणि दर पंधरा दिवसांनी मांडीत सुई सुरू झाली. अट एकच. चार महिन्यांनी कोंब आक्रसलेले दिसले आणि वास परत आला, तर सुई चालू. नायतर बंद, आणि तिसरं ऑपरेशन.

म्हणून किन्हवलीजवळच्या आमच्या पाड्यावर माझी तालीम सुरू झाली. रखमी आजी माझे डोळे ओढणीने बांधायची आणि भाऊ सूरज नाकाखाली काहीबाही धरायचा. आमच्याकडे वास कशाचा असं कुणी विचारत नाय, कुणाचा असं विचारतात.

"कुनाचा, सांग."

"हिराबाईच्या सुकटीचा."

"आनि हा?"

"तुझ्या मोज्यांचा. लांब हो."

शेजारची धोंडूबाई तर म्हणाली, "हिला माझी हरवलेली कोंबडी शोधाया लावा."

तपासणीच्या दिवशी आई आणि मी पहिल्या एसटीने निघालो. डॉक्टरबाईंनी नाकात दुर्बीण घालून पाहिलं. "कोंब लहान झालेत. आता वासाचं बघू." शेजारच्या खोलीत एक शिकाऊ डॉक्टर छोट्या बाटल्या मांडून बसले होते. एकेक बाटली हुंगायची आणि ते वाचतील त्या चार नावांतलं एक निवडायचं.

पहिली हुंगली आणि मी लगेच म्हणाले, "आजीचे गुडघे."

ते थांबले. "पुदिना, गुलाब, कातडं, अननस. यातलं सांग."

पुदिना म्हणजे चटणीतला. हा तर गुडघ्यांना चोळायच्या बामचा वास होता. "यात नाय," मी म्हणाले. त्यांनी फुली मारली.

दुसरीला मी म्हणाले, करपलेली नाचणीची भाकर. पर्यायांत कॉफी होती, पण आमच्या घरी कॉफी कधी झालीच नाय. फुली. तिसरीला आमच्या शाळेतल्या पंढरी सरांचा अत्तर लावलेला रुमाल. तिथे गुलाब होता, पण शाळेच्या कुंडीतल्या गुलाबाला वासच नाय, मी स्वतः हुंगलाय. फुली. पुढेही तसंच.

दाराशी आईचा चेहरा उतरला. "काय गो, येत नाय का वास?"

"येतो गो आई. त्यांच्याकडं नाव नाय त्याचं."

फुल्यांचा कागद बघून डॉक्टरबाई म्हणाल्या, "एकही बरोबर नाही, सोनाली. वास आला नसेल तर मला सुई पुढे देता येणार नाही."

आधीची मी मान खाली घालून निघाले असते. पण आता छातीभर श्वास येत होता, आणि श्वास आला की बोलायलाही जमतं. "मॅडम, बाटल्यांच्या जागा उलटसुलट करा. माझे डोळे बांधा. आधी जे बोलले तेच परत नाय बोलले, तर बंद करा सुई."

शिकाऊ डॉक्टर हसले. डॉक्टरबाई नाय हसल्या. त्यांनी स्वतः बाटल्यांच्या जागा बदलल्या. आईने पदराने माझे डोळे झाकले.

"पंढरी सर," मी म्हणाले. मग, "करपलेली भाकर." मग, "ही रिकामी आहे. फसवू नका." मग, "आजी."

सगळ्या बाटल्या झाल्यावर आईने पदर काढला. डॉक्टरबाई शिकाऊ डॉक्टरांकडे बघत होत्या. "सगळे तेच, आणि मी मधे घातलेली रिकामीही ओळखली. नाक हिचं चालतंय, पर्याय आपले चुकले." त्या फुल्यांवर त्यांनी आडवी रेघ ओढली आणि मला म्हणाल्या, "चल, मांडी पुढे कर."

सुई घेऊन फाटकाबाहेर आलो. रस्त्यालगत नाला होता. माणसं रुमाल नाकाला लावून पळत होती. मी कठड्याला टेकून उभी राहिले आणि खोल श्वास घेतला. असला घाण वास मला कित्येक वर्षांत आला नव्हता.

"चल की गो, एसटी जाईल," आई पदराआडून म्हणाली.

"थांब, जरासा अजून."